डाव्या मुठीवरचा निळा रंग

"परवाच्या विमानाने हुसैनमियाँना परत पाठवणार? आणि आपण नुसतं बघत बसायचं?" रेवा जवळजवळ ओरडलीच.

"अब्बा म्हणतात, चूक त्यांचीच," तौहीद पडेल आवाजात म्हणाला.

ओमानमधल्या हमरियातलं किराणा दुकान तौहीदच्या अब्बांचं. तीन महिन्यांपूर्वी रत्नागिरीहून आलेले हुसैनमियाँ तिथलं सामान सायकलवरून घरोघर पोचवायचे. काल एका गाडीचा धक्का लागून ते पडले. आणि ती गाडी होती रेवाच्या बाबांची!

"सवयीने डावीकडून चालवत माझ्या समोर आला," असं बाबा सगळ्यांना सांगत होते. ओमानमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. भारतातून नवा आलेला माणूस चुकतोच, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं. हुसैनमियाँना कुणी विचारलंसुद्धा नाही. रेवाला याचाच भयंकर राग आला होता.

दोघं दुकानामागे गेले. सायकल भिंतीला टेकवलेली होती. रेवा वाकली आणि एकदम किंचाळली, "तौहीद, हे बघ! हँडलच्या डाव्या मुठीचं रबर फाटलंय आणि त्यावर निळा रंग! बाबांच्या गाडीचा! उजव्या मुठीला नुसती धूळ आहे."

"मग?"

"मग चल, दोघांच्या वडिलांना खाली बोलाव!"

सुट्टीचा शुक्रवार होता, दुकानाच्या वर राहणारी दोन्ही कुटुंबं घरीच होती. रेवाने पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीशेजारी खडूने रस्त्याची कड आखली.

"हा काय पोरखेळ?" बाबा वैतागले.

"दोनच मिनिटं! तौहीद, तू समोरून ये. बाबा सांगतात अगदी तसा."

तौहीद कडेकडेने सायकल आणून गाडीच्या आरशापाशी थांबला.

"ओवेसचाचा, आरशाजवळ कुठली मूठ आली?"

"उजवी," तौहीदचे अब्बा म्हणाले.

"आता मागून ये. उजव्या कडेने, नियमाने!"

या वेळी आरशाजवळ आली डावी मूठ. ओवेसचाचा खाली वाकून निळा रंग बघतच राहिले.

"रेवा, मोठ्यांना उलट बोलतेस?" बाबा गरजले.

"हो, बोलणार! हवं तर सुट्टीभर घरात कोंडा! पण तुमच्या एका वाक्याने हुसैनमियाँचं काम जातंय, बाबा!"

बाबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मी मोबाईल बघत होतो. ते मला दिसलेच नाहीत. समोरूनच आले असणार, असं मी धरून चाललो."

सगळे दुकानात गेले. गुडघ्याला पट्टी बांधलेले हुसैनमियाँ धडपडत उठायला लागले, तेव्हा बाबांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "चूक माझी होती, हुसैनमियाँ. तुम्ही नियमाने चालला होतात. ज्यांना ज्यांना मी उलट सांगितलं, त्यांना आता मीच खरं सांगतो."

"परतीचं तिकीट रद्द, खलास!" ओवेसचाचा म्हणाले. "शाब्बास, पोरांनो! तुमच्यामुळे अन्याय टळला."

"शाब्बासकी नको, चाचा!" रेवा अजून धुमसत होती. "तुम्ही यांना कालच विचारायला हवं होतं!"

ओवेसचाचांनी स्टूल ओढलं. मग ते हुसैनमियाँच्या समोर बसले.

"बोल हुसैन, काल काय झालं? मी ऐकतोय."