तेरावा ठोका

माझ्या जेवणाच्या टेबलावर सिलिकॉनची एक चकती असते. तळहाताएवढी, आरशासारखी गुळगुळीत, कडेला तारांची तुटकी टोकं. निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेने काचेच्या डबीत घालून दिली. सूनबाई तिला माझी सवत म्हणते. सासरे असते तर कधीच भंगारात गेली असती, असंही म्हणते.

तीस वर्षं मी अशा चकत्यांच्या सोबतीने डोंगराखालच्या बोगद्यात काढली. विश्वातलं बहुतेक द्रव्य दिसतच नाही, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचा एखादा कण चकतीवर आदळला तर विजेचा बारीकसा ठोका उमटेल, एवढ्या आशेवर आम्ही बसलेलो. कागदावर तो ठोका टेकडीसारखा दिसतो. उभा चढ, लांबट उतार. बोगद्यात ओल्या दगडाचा आणि तापलेल्या रबराचा वास असे. पंपांची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबली की दचकायला होई.

माणूस जे शोधतो ते त्याला दिसायला लागतं. म्हणून आमच्यात एक रिवाज होता. एकाने गुपचूप काही बनावट ठोके नोंदींत मिसळायचे आणि त्यांच्या वेळा लिहून पाकीट सीलबंद ठेवायचं. बाकीच्यांनी खरा कुठला, खोटा कुठला हे न कळता सगळे तपासायचे. शेवटी सर्वांसमोर पाकीट फोडायचं. याला आम्ही मीठ घालणं म्हणायचो. त्या वर्षी मीठ माझ्याकडे होतं.

मार्चमधल्या एका दुपारी मी आलेखाच्या कागदावर हाताने ठोका काढला. उतारावर पेन्सिल जराशी घसरली आणि रेघेला बारीक पोचा आला. खोडणार होते, मग वाटलं, राहू दे, आपल्या हातची खूण. त्या नमुन्यावरून बारा ठोके नोंदींत मिसळले. पोच्याबद्दल कोणाला बोलले नाही.

जूनमध्ये पाकीट फोडलं. पोचा असलेले ठोके तेरा निघाले.

तेराव्यावर वेळ होती जानेवारीतल्या एका दुपारची. त्या दुपारी केबल बदलायला चकत्यांची वीज चार तास बंद होती, नोंद करणारं यंत्र तेवढं चालू होतं. वीज नसली की चकती मुकी. म्हणजे हा ठोका कोणीतरी माझ्या कागदावरून उचलून घातलेला. खोटा म्हटल्यावर त्याच्या वेळेचा मी पुढे विचारच केला नाही. माझ्या ड्रॉवरची आणि नोंदींच्या कपाटाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. टाचणीकडे.

टाचणी आधी माझी विद्यार्थिनी, मग सहकारी. किडकिडीत, बोलणं टोकदार, म्हणून टाचणी. माझ्या डब्यातलं न विचारता खायची. त्याच महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची होती. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती कधी येते, कुठलं कपाट उघडते, फोनवर आवाज का खाली करते. संशय एकदा आला की सगळंच त्यात बसतं. ती गप्प राहिली तरी बसतं, हसली तरी बसतं. शेवटी प्रमुखांच्या खोलीत जाऊन मी तिचं नाव घेतलं.

ती भांडली नाही. टेबल आवरताना एवढंच म्हणाली, "ताई, खोटंच करायचं असतं, तर वीज चालू असतानाची वेळ नसती का टाकली मी?"

मला ते तेव्हाच पटलं होतं. पण सांगून झालं होतं. ती एका शाळेत शिकवायला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली.

गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुखबाईंचं पत्र आलं. सोबत आलेख. त्यांच्या चकत्या जुन्याच सिलिकॉनच्या उरलेल्या कांडीतून कापलेल्या होत्या. वीज बंद असताना एक ठोका आला होता, उतारावर पोचा असलेला. तुमच्या काळी असं कशाने व्हायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

टाचणीचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. तरी माझं मन मानेना. जुना अहवाल वाचून कोणी थट्टा करत असेल तर?

म्हणून मी पुन्हा मीठ काढलं. बुधवारी दुपारी, घरात कोणी नसताना, याच टेबलावर. या खेपेला उतारावर मुद्दाम तीन पोचे द्यायचे ठरवले. दोन झाले. तिसरा काढत होते तोच दाराची बेल वाजली. सूनबाई किल्ली विसरून गेली होती. तिसऱ्या पोच्याची रेघ खाली उतरली आणि तिथेच तुटली. कागद मी तसाच ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं.

तीन आठवड्यांनी प्रमुखबाईंचा दुसरा आलेख आला. तो पाहून मी टाचणीला फोन केला.

ती आली. केस पांढरे, बाकी तशीच किडकिडीत. मी माफी मागायला लागले तर तिने हातानेच थांबवलं. कागद आणि आलेख शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. दोन पोचे. तिसरा खाली उतरून तुटलेला.

"हे तुम्ही कधी काढलंत?"

"महिन्याभरापूर्वी, एका बुधवारी."

तिने आलेखाच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. त्याच आठवड्यातला मंगळवार.



"तेव्हाही असंच होतं, ताई. केबल जानेवारीत बदलल्या. मीठ तुम्ही काढलंत मार्चमध्ये."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"वेडी ठरले असते. खोटारडी ठरणं परवडलं."

चहा तिने अर्धाच घेतला. जाताना चकतीची डबी उपडी करून ठेवली.

काल प्रयोगशाळेतून आणखी एक पाकीट आलं. मी ते फोडलेलं नाही.

आज दुपारी लेकाचा फोन होता. बोलता बोलता मी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने काहीतरी गिरवलं. फोन ठेवल्यावर ते लक्षात आलं आणि मी न बघताच पेपर उलटा घातला.

तो पाकिटाशेजारीच पडला आहे. पाकीट कालचं आहे.