नेलचे सात कंद

ऑक्टोबर सरत आला की हार्लेमला ट्राइन आत्याकडे ट्यूलिप लावायला जायचं, हा माझा दरवर्षीचा रिवाज. बाग चार पावलांची, पण थाट केवढा! चौकटीच्या कागदावर लाल, पिवळे, पांढरे ठिपके काढून वसंतातला रंगन् रंग आधीच ठरलेला. मी खणायचं आणि तिनं खुर्चीत बसून माझी अक्कल काढायची.

“यॉस्ट, गाढवा, शेंडा वर! पालथा घातलास तर पाताळात फुलेल.”

“फुलू दे. तिथेही बघणारं कुणी असेलच.”

काम संपलं की कॉफी, आणि बशीत एकच बिस्किट. दुसरं मागायची सोय नव्हती.

शेवटचे सात कंद मात्र ती लावू द्यायची नाही. पांढऱ्या ताटलीत घालून मागच्या पायरीवर ठेवायची. त्या वर्षी मी विचारलंच.

“नेलसाठी,” ती म्हणाली. “माझी धाकटी बहीण. युद्धातल्या त्या भुकेच्या हिवाळ्यात पाच वर्षांची होती, मी नऊची. खायला ट्यूलिपचे कंदच उरले होते. आई धान्य शोधायला खेड्यात गेलेली. कंद मीच उकडले. आतला पिवळा गाभा विषारी, काढून टाकायचा असतो. ठाऊक होतं रे मला… पण एवढ्या भुकेत तेवढंही टाकवेना. मला उलटी झाली, मी वाचले. तिला…”

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता.

“दरवर्षी सांगते तिला, गाभा काढून खा गं. ऐकत नाही. सगळं खाते.”

“खारी नेत असतील, आत्या.”

“खार ताटली पुसून ठेवते का रे?”

दुपार असूनही धुकं दारापर्यंत आलं होतं. आम्ही आत गेलो. थोड्या वेळानं पायरीवर काहीतरी कुरतडल्याचा आवाज आला… बारीक, घाईघाईचा. आत्या बंद दाराला गाल टेकवून पुटपुटली, “नेल… पिवळं नको गं, बाळा…”

दार उघडलं. ताटली लख्ख होती. आत्या लहान मुलीसारखी रडली. “माझ्यामुळे ती अजून विषच खातेय.”

फेब्रुवारीत आत्या गेली. टेबलाच्या खणात पुढच्या वर्षीचा कागद तयार होता, ठिपके भरलेला. तो पाहून मला हुंदका आवरेना.

ऑक्टोबरात त्याबरहुकूम मी एकट्यानं सगळे कंद लावले, शेंडा वर करून. थर्मासमधून आणलेली कॉफी ओतून पायरीशेजारच्या बाकावर ठेवली. बशी रिकामीच, बिस्किट आणायचं कुणाला सुचतंय? सात कंद पायरीवर ठेवले आणि हात धुवायला आत गेलो. नळ बंद केला, तेव्हा बाहेर कुरतडणं चालू होतं. या वेळी घाई नव्हती. मधूनमधून सुरीचा आवाज येत होता… टक्… टक्…

मी बाहेर आलो तेव्हा कुणी नव्हतं. ताटली पुसलेली, आणि तिच्या काठावर सात पिवळे गाभे ओळीनं मांडलेले. सुरीनं नीट कापून काढलेले. माझे डोळे भरून आले. शेवटी नेलला कुणीतरी सोलून देत होतं.

कॉफी घ्यायला वळलो. बशीत एक कंद होता. उकडलेला, सोललेला, गाभा काढलेला. वाफ येत होती.

घरात चूल पेटली नव्हती. आणि आत्यानं बशीत वाढलेलं मी आजवर कधी टाकलं नव्हतं.