मातीची कुबडी बाई

रेफूहियो अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता, तेव्हा ग्वादलाहारा शहरातून इनेस आली. आल्या आल्या तिनं कडेवरचं गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत वीतभर उंचीची, लाल मातीची कुबडी बाई होती. जुन्या लोकांच्या थडग्यातून ती रेफूहियोनंच तरुणपणी उकरून काढली होती.

"ही तुम्हीच विकलीत ना, काका?"

"विकली. तेव्हा सगळं गाव हेच करायचं."

"तुमच्याकडून दुकानदारानं घेतली, त्याच्याकडून एका डॉक्टरनं, मग आमच्या बाबांनी." तिचा आवाज खाली आला. "दुकानदार वाकत वाकत गेला. डॉक्टरही तसाच. आता बाबा... तपासणारे म्हणतात पाठीत काही दोष नाही, पण हनुवटी गुडघ्याला टेकलीय. हिला होती तिथं ठेवा."

"त्या थडग्याचं तोंड मी शिळा टाकून बुजवलंय, पोरी. परत उतरायचं नाही म्हणून."

"मग तुमच्या घरात राहू दे."

रेफूहियोनं पहार उचलली.

शेतात ऊन रणरणत होतं. लांब ज्वालामुखीच्या डोक्यावर धूर होता. माती उपसून त्यानं शिळा सरकवली, तसा खालून गार वारा आला. दोर झाडाला बांधून, मूर्ती पोटाशी धरून तो उतरला. विहिरीसारखा खड्डा, आणि तळाशी आडवी कोठडी. तिथं वाकूनच शिरावं लागे. इनेसला वरून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मग तो हलायचा थांबला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काका, बाबा उठले. ताठ उभे आहेत, रस्सा मागतायत..." ती रडत हसत होती.

मग दोर ताणला गेला. रेफूहियो वर आला तो शिळेलाच भिडला. शिळा बसल्यावर फावडं न घेता दोन्ही हातांनी माती लोटू लागला.

"काका... काय होतं खाली?"

"झाडून ठेवलंय कुणीतरी. वर पाणी शिंपडलंय. ओलं आहे अजून."

"तिच्यासाठी?"

रेफूहियोचे हात थांबले.

"तिला वीतभर जागा पुरते, पोरी. तिथं माणूस आडवा होईल एवढी झाडलीय."