चाळीस लाख ओळींतली टीप

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या राजरत्नचं लग्न एका सॉफ्टवेअरने जमवलं. सुट्टीला पुण्याहून खरवईला आलेली माझी नात ओवी आत्ताच डोळे बारीक करून बघतेय. बघू दे.

तो आणि माया भेटले ते विठ्ठलवाडीहून अंबरनाथला निघालेल्या शेअर रिक्षात. तिघांच्या सीटवर ती चौथी. एका खड्ड्यात रिक्षा पुरुषभर उडाली आणि माया खाली आली ती थेट आमच्या राजाच्या, म्हणजे राजरत्नच्या, डब्यावर. भेंडी ओढणीला लागली.

"सॉरी..." हा म्हणाला.

"डबा तुमचा सांडला, आणि सॉरी पण तुम्हीच?"

ती हसली. दोघं उतरले एकाच कंपनीच्या गेटवर.

मग तीन वर्षं शेजारी बसले. ती आपल्या कपातला अर्धा चहा त्याला ओतायची, ऊन आलं की तो तिच्या बाजूचा पडदा ओढायचा. बोलणं मात्र... कामाचंच. आणि एके दिवशी मायाला पुण्याची नोकरी लागली. जाण्याआधी तिच्याकडे शेवटचं काम आलं.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांसाठी कंपनीने केलेला प्रोग्राम चाळीस लाख ओळींचा झाला होता. छापला असता तर कागद बारवी धरणापर्यंत गेला असता. त्यात कुठे काय आहे ते सापडावं म्हणून, पुस्तकामागे सूची असते तशी सूची बनवणारं टूल निवडायचं होतं. एक टूल फक्त प्रोग्राम वाचायचं, झटपट. दुसरं जरा सावकाश, पण प्रोग्राम लिहिणारे एकमेकांसाठी मधे टिपा टाकतात ना, त्याही वाचायचं. राजा पहिल्यावर अडून बसला, माया दुसऱ्यावर.

"टिपांत काय सापडणार आहे, माया?"

"माणसांनी लिहिलेलंही सापडायला पाहिजे," ती म्हणाली — त्याच्याकडे न बघता. "शोधल्याशिवाय कसं कळेल?"

आठवडाभर भांडले. अर्धा चहासुद्धा बंद.

शेवटी त्यांच्या वरिष्ठ सुनंदा मॅडमनी सगळ्यांना बोलावून दोन्ही टूल समोरासमोर लावायला सांगितली. राजाचा विसरलेला डबा घेऊन मी दारातच उभा होतो. पहिल्या टूलमध्ये मायाने स्वतःचंच नाव टाकलं. काहीच नाही. दुसऱ्यात टाकलं...

अकराशे बारा टिपा! सगळ्या माझ्या लेकाच्या. 'माया जेवून येईपर्यंत हे दुरुस्त करणे.' 'माया आज निळ्या ओढणीत. या भागात चुका असू शकतात.' आणि सगळ्यात ताजी — 'माया चालली. यापुढचं मला समजत नाही.'

राजाचे कान लाल.

"एवढं सगळं मशीनला सांगितलंस," ती हळूच म्हणाली. "मला कधी सांगणार होतास?"

"आत्ता... सांगतोय."

दुसरं टूल पास झालं. माया पुण्याला गेलीच, आणि महिन्याभरात हाही तिच्यामागे. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण अकराशे बारा टिपा लिहायला छाती लागते—

"आजोबा, खोटं," ओवी म्हणाली. "टीप एकच होती. आणि ती बाबांसाठी आईने लिहिली होती. म्हणून तर तिला तेच टूल पाहिजे होतं."