सतरा नंबरची किल्ली

फळ्यावर चाळीस खाचा. किल्ल्या एकोणचाळीस. सतरा नंबरची खाच रिकामी.

बाईंनी परत मोजलं. बोट लावून मोजलं. एकोणचाळीसच.

"झालं कल्याण," लंबू पुटपुटला.

खरंच कल्याण झालं होतं, कारण हा फळा काही साधासुधा नव्हता. जमिनीखाली शंभर मीटरवर एक भलंमोठं दालन, आणि त्यात कणांच्या टकरी टिपणारं चार मजली यंत्र. अकरा देशांनी मिळून बांधलेलं. आत जायचं तर फाटकाशेजारच्या फळ्यावरून एक किल्ली काढायची, गळ्यात घालायची. बाहेर आलं की आपल्याच हाताने ती खाचेत लावून फिरवायची. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा. चाळीसच्या चाळीस लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. एक किल्ली कमी म्हणजे एक माणूस आत.

आणि मशीन सुरू व्हायचं होतं चार वाजता. आत्ता वाजला होता एक.

बाई म्हणजे इथल्या सुरक्षा अधिकारी. पन्नाशीच्या, गुडघ्याला पट्टा, आवाज असा की लांबून ऐकलं तरी माणूस आपोआप हेल्मेट घालेल. साडेबाराला त्या क्रेनवाल्या दादांना घेऊन अख्खं दालन फिरून आल्या होत्या. शिड्यांखाली, यंत्रामागे, हाका मारत. आत कोणी नव्हतं. चिटपाखरू नव्हतं.

मग किल्ली गेली कुठे?

बाईंनी वर प्रयोगाच्या प्रमुखांना फोन लावला. साहेब म्हणाले, "किल्ली सापडेपर्यंत लिफ्ट वर येणार नाही. कोणी वर येणार नाही. काहीही वर येणार नाही."

वर जायला दुसरा रस्ताच नव्हता.

म्हणजे पाच माणसं, फाटकाशेजारची एक इलेक्ट्रॉनिक्सची खोली, खुर्च्या चार, खिडकी शून्य. भिंतभर लोखंडी कपाटं आणि त्यांच्या पंख्यांची घरघर. हवा गरम. संडास वर.

"मला जायचंय," दादा म्हणाले.

"कुठे?"

"वर, बाई. आता काय चित्र काढून दाखवू?"

"दम धरा."

"तेच तर धरतोय तासभर!"

कॉम्प्युटरमध्ये नोंद स्पष्ट होती. सतरा नंबरची किल्ली सकाळी नऊ वाजता धाकटीने काढली. परत लागल्याची नोंद नाही.

धाकटी पीएचडी करत होती. या सगळ्यात वयाने लहान, म्हणून धाकटी. यंत्राच्या पोटात अगदी मधोमध जे सेन्सरचं कडं होतं ना, ते तिचं. तीन वर्षं खपून एक-एक सेन्सर तिने हाताने चिकटवला होता. आता पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला.

फोन परत वाजला. साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तीन वाजेपर्यंत बघतो. नाहीतर फळा बदलावा लागेल, मशीन महिनाभर पुढे. आणि जिच्या नावावर किल्ली आहे तिचं कार्ड कायमचं रद्द. तिला घरी पाठवायची व्यवस्था करा."

धाकटी भिंतीला टेकली. कार्ड गेलं की प्रवेश गेला, शिष्यवृत्ती गेली, तीन वर्षं गेली.

"सगळ्यांनी खिसे, पिशव्या टेबलावर रिकाम्या करा," बाई म्हणाल्या. स्वतःपासून सुरुवात केली.

दादांचं पाकीट, रुमाल, गोळ्यांची पट्टी. लंबूची बिस्किटं (संपलेली), तीन चार्जर, एक मोजा.

"दुसरा मोजा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"बाई, तो वेगळा तपास आहे."

धाकटीची वही आणि पेन. पाहुण्यांचा थर्मास, चष्म्याचं घर आणि पान्यांची कातडी गुंडाळी. सात कप्पे, सहा पाने, सगळे पोलादी, चकचकीत. पोलाद आत न्यायला सक्त बंदी. आत फक्त पितळी हत्यारं. कारण मशीनच्या आधी आतलं चुंबक सुरू होतं, आणि मग पोलादाची टाचणीसुद्धा गोळीसारखी सुटते. म्हणून पाहुणे आपली गुंडाळी या खोलीतच ठेवायचे.

पाहुणे म्हणजे परदेशातल्या भागीदार संस्थेचे मेकॅनिकल इंजिनियर. दरवर्षी सहा आठवडे यायचे, म्हणून पाहुणे. नऊ वर्षं येत होते, तरी पाहुणेच. धाकटी त्यांना काका म्हणायची. कडं बसतं ती चौकट त्यांच्याच संस्थेने बनवलेली.

किल्ली कोणाकडेच नव्हती.

"बाई, मी आत जाऊन बघतो ना," पाहुणे म्हणाले. "एका माणसाला सोबत न्यायची तुम्हाला परवानगी आहे. मला न्या."

"बघू."

बाईंनी एकेकाला कपाटांमागे बोलावलं. पंख्यांच्या आवाजात तिथलं बोलणं बाहेर ऐकू जात नव्हतं.

लंबू आधी. सहा फूट चार इंच, तारा आणि कपाटं सांभाळणारा.

"मशीन दोन दिवस उशिरा सुरू करा म्हणून साहेबांच्या मागे कोण लागलं होतं?"

"मी. कपाट तयार नव्हतं. आता झालंय. बाई, मी चोर वाटतो?"

"भुकेला वाटतोस. बाहेर कधी आलास?"

"पावणेबाराला. तेव्हापासून इथेच आहे."

"धाकटीला येताना बघितलंस?"

"बघितलं की! बाराच्या सुमाराला. जादा सेन्सरची काचेची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाऊल मोजत येत होती. दार मीच उघडलं. म्हटलं ठेव जरा खाली, तर माझ्यावरच डाफरली. फाटकाच्या आतून उचलली की या कपाटात ठेवेपर्यंत हात सोडायचा नाही म्हणे."

"तिच्यामागून कोण आलं?"

"पाहुणे. दोन-तीन मिनिटांनी. मग दादा, कंबर धरून."

मग दादा. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"पाहुणे आत काय करत होते?"

"नटांना शिव्या घालत होते. त्यांची चौकट त्यांच्या मापाची, आपले पितळी पाने आपल्या मापाचे. एकही बसेना. मी म्हटलं, त्या मापाचा पितळी पाना बनवून घेऊ, आठवडा लागेल. म्हणाले आठवडा कुठंय? थोड्या वेळाने बघतो तर म्हणाले, झालं काम. बाई, आता खरंच..."

"जा, बसा."

"बसणं तर शक्यच नाही!"

मग धाकटी.

"किल्ली तू लावलीस?"

"हो."

"फिरवलीस?"

"हो, बाई."

"कोणत्या हाताने?"

धाकटीने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "उजव्या."

धाकटीने मान खाली घातली.

पाहुणे शेवटी.

"तुमची किल्ली?"

"चोवीस नंबर. बाराला पाच कमी असताना लावली. नोंद बघा."

"बघितली. मग फाटकापाशी का थांबलात?"

"बूट झटकत होतो." पाहुण्यांनी कपाळ पुसलं. "बाई, वेळ चाललाय. मला आत न्या. चौकटीपाशी कुठे पडली असेल तर मला लगेच दिसेल."

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दादा आता बोलायचे बंद झाले होते, हे जास्त वाईट होतं. लंबूने बिस्किटांचा रिकामा पुडा चाटून बघितला. धाकटी जमिनीवर बसून गुडघ्यांत डोकं घालून होती.

बाई बॅटरी घेऊन निघाल्या, पाहुण्यांनी परत "मला न्या" म्हटलं, तरी त्या एकट्याच फाटकाशी गेल्या. फाटक म्हणजे लोखंडी जाळी, तळहात जाईल एवढ्या भोकांची. दोन मिनिटांनी परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "किल्ली कुठे आहे ते मला कळलंय. पण त्याआधी ती कोणी टाकली ते सांगते."

सगळे उठले. दादा तर आधीच उभे होते.

"धाकटी म्हणते, मी उजव्या हाताने किल्ली लावली. लंबू म्हणतो, फाटकापासून या कपाटापर्यंत तिचे दोन्ही हात पेटीवर होते. फळा मध्ये आहे. माणसाला तिसरा हात नसतो. म्हणजे तिच्या गळ्यातली किल्ली दुसऱ्या कोणीतरी काढून घेतली. मी लावतो म्हणून."

धाकटीने तोंडावर हात घेतला.

"लंबू तेव्हा या खोलीत होता. दादा आत होते. फाटकापाशी एकच माणूस होता."

"पाहुणे?" लंबू ओरडला. "पण त्यांना मशीन बंद ठेवून काय मिळणार?"

"तेच मला कळत नव्हतं. मग लक्षात आलं की दुपारपासून सगळ्यांना बाहेर पडायचंय. दादांना तर फारच. एकटे पाहुणे आहेत ज्यांना आत जायचंय. तीनदा विचारलं त्यांनी."

"दोनदा," पाहुणे हळूच म्हणाले.

"मी फाटकाशी निघाले तेव्हा परत तोंड उघडलंत, तिसरं ते. का जायचंय आत? आपल्या पितळी पान्यांत तुमचा नट बसत नाही. तरी नट घट्ट झाला. कशाने? टेबलावरच्या तुमच्या गुंडाळीत सात कप्पे आहेत, पाने सहा. सातवा पोलादी पाना कुठे आहे, पाहुणे?"

पाहुण्यांनी गुंडाळीतल्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं.

"चौकटीवर," पाहुणे म्हणाले. "कड्याच्या वरच्या बाजूला."

धाकटी ताडकन पुढे आली. चुंबक सुरू झालं असतं तर तो पाना थेट तिच्या कड्यातून आरपार गेला असता.

"बारा वाजले होते," पाहुणे खुर्चीत बसले. "हिची किल्ली हातात घेतली, फळ्याकडे वळलो आणि कमरेला हात लागला. तिथे खोचून चोरून आत नेलेला पाना नव्हता. बारानंतर आत जायला फाटक फक्त तुमच्या कार्डाने उघडतं. तुम्हाला सांगितलं असतं तर आत पोलाद नेलं म्हणून आमची अख्खी संस्था या प्रयोगातून बाहेर. तिकडे माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. आणि किल्ली लावली असती तर मशीन सुरू. म्हणून जाळीतून आत फेकली. वाटलं, शोधायला मलाच नेतील, पाना उचलीन, किल्ली सापडली म्हणीन."

"केबलच्या पन्हाळीखाली पडलीय," बाई म्हणाल्या. "बॅटरीत चमकली. मघाशी मी आणि दादा आत माणूस शोधत होतो. जमिनीवर कोण बघतंय!"

"आणि मी?" धाकटीचा आवाज फुटला. "माझ्या नावावर आहे ती, काका! साहेब बोलले तेव्हा तुम्ही इथेच होतात! मी तुमच्यासाठी खोटं बोलत होते, मला वाटलं फळाच बिघडलाय!"

पाहुण्यांना तिच्याकडे बघवेना. ते उठले, फोनपाशी गेले, त्यांनी वरचा नंबर लावला. "साहेब, किल्ली मी टाकली. पोरीच्या गळ्यातून ओढून घेतली. तिचा काही दोष नाही. तिने दिली नव्हती..."

धाकटीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"दिली होती, साहेब. मीच म्हटलं, काका, तेवढी किल्ली लावा."

लंबूने डोक्यावर हात मारला. "अगं, गप्प बसली असतीस तर..."

"गप्पच तर बसले होते, दोन तास."

साहेबांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "बाई, पाना काढा. मग लिफ्ट पाठवतो."

बाईंनी आत सोबत धाकटीला नेलं. पाना तिने स्वतः उचलला, दोन बोटांनी, कड्याला धक्का न लावता.

पाहुणे त्याच आठवड्यात परत गेले. त्यांच्या संस्थेचं नाव राहिलं, त्यांचं गेलं. धाकटीचं कार्ड कायमचं गेलं नाही, दोन महिन्यांसाठी गेलं. बाईंनी तिच्यासाठी रदबदली केली का? विचारलं तर म्हणाल्या, "मी घडलं ते लिहिलं. सगळं लिहिलं."

अख्खं दालन पोलादासाठी परत तपासून आठ दिवसांनी मशीन सुरू झालं. धाकटी बाहेर कुंपणापाशी उभी होती, फोन कानाला. कुंपणाच्या आतल्या कंट्रोल रूममधून लंबू बोलत होता.

"चालतंय गं तुझं कडं! सगळे सेन्सर बोलतायत. एक सोडून."

"कोणता?"

"चारशे बारा."

"तो पहिल्यापासून आळशी आहे," धाकटी म्हणाली. "पाच मिनिटं थांब, उठेल."

सहाव्या मिनिटाला लंबूची आरोळी तिला फोनशिवाय ऐकू आली.