दादाचा शर्ट

रस्त्यावरून आणलेल्या पोरांना संस्थेच्या त्या घरात आधी आंघोळ, मग जेवण. हा नियम मावशीचा. पोरं तिला पाठीमागे 'बंब' म्हणायची. एक तर तिचा अर्धा दिवस पाणी तापवायच्या बंबापाशी जायचा, आणि दुसरं, तापायला तिला बंबापेक्षाही कमी वेळ लागायचा. नव्या पोराच्या अंगावरचे कपडे ती सरळ जाळात घालायची. उवा, खरूज, गटाराची घाण घरात नको. त्यात तिचं चुकत होतं असं कोणी घरबसल्या म्हणू नये. तिच्या हाताखाली न्हालेली कितीतरी पोरं आज आपल्या पायावर उभी आहेत.

त्या दिवशी ताईने एक पोरगी आणली. ताई म्हणजे बाजारात, स्टेशनवर फिरून पोरं शोधणारी संस्थेतली बाई. पोरगी पाचेक वर्षांची, अंगात घोट्यापर्यंत लोंबणारा मोठ्या मुलाचा शर्ट.

"भावाचा आहे," ताई हळूच म्हणाली. "आंधळा होता. हीच त्याचा हात धरून हिंडवायची. परवा बाजारामागे ट्रकखाली गेला बिचारा. जरा सांभाळून घ्या, मावशी."

"मी काय खाते का पोरांना?"

मोरीत पोरगी शर्ट सोडेना.

"दे इकडे. नवाकोरा फ्रॉक देते."

"नको. दादा येईल."

"आला की सांगू त्याला, आत आहे म्हणून."

"त्याला दिसत नाही. तो वासावरून ओळखतो. ह्याच्या."

मावशीचा हात थांबला. थांबला तसाच राहायला हवा होता. पण बाहेर पोरं खोळंबली होती, पाणी निवत होतं. तिने शर्ट हिसकला आणि बंबात कोंबला. ओलसर कापड, लवकर पेटेना. नुसतं धुमसत राहिलं. पोरगी रडली नाही. धुराकडे बघत राहिली.

जेवणं झाल्यावर दुपारी सगळी पोरं मोठ्या खोलीत झोपायची. जाड पडदे ओढले की भरदुपारी तिन्हीसांजेसारखा अंधार व्हायचा. मावशी दाराशी चटईवर कलंडली. डोळा लागतोय तोच आवाज आला.

सूं... सूं...

कुत्रं शिरलं असेल म्हणून ती उठून बसली. कुत्रं नव्हतं. काहीच नव्हतं. आवाज मात्र भिंतीकडच्या पोरापासून निघून एकेका डोक्याशी थांबत येत होता. थांबला की त्या पोराच्या कपाळावरचे केस हलायचे. मग पुढचं पोर. सगळ्यांना एकाच साबणाचा वास.

पोरगी जागीच होती. तिने दोन्ही हात वर केले.

"दादा... मी... इथं..."

मेल्यावर कान राहतात की जातात, कोण जाणे. तिची हाक त्याला पोचली नाही एवढं खरं. आवाज तिच्या डोक्याशी जरा जास्त रेंगाळला. सूं... आणि पुढे गेला.

मावशीने चटई सोडली. ती रांगत पोरीपाशी गेली. "अरे... हीच ती... बहीण तुझी..." म्हणत तिने अंधारात हात पुढे केला.

आवाज गर्रकन वळला.

मावशीच्या हाताला अजून त्या शर्टाचा धूर लागलेला होता. एकेका बोटाचा वास घेतला गेला. मग एक गार, खरखरीत, लहान हात तिच्या हातात शिरला आणि घट्ट बसला. कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

"मी नाही रे बाळा... ती..."

तिने आपला हात पोरीच्या केसांवर घासला, गालांवर, फ्रॉकवर घासला. रडत घासला. तो गार हात काही सुटला नाही. पोरगी मुकाट्याने घासून घेत होती.

हातातली पकड सैल झाली तेव्हा मावशीच्या मुठीत अर्धं बिस्कीट होतं. एका बाजूने दातांनी तोडलेलं, दमट.

"घे गं," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या दादाने दिलंय."

पोरीने ते हुंगलं आणि परत मावशीच्या तळहातावर ठेवलं. "तुम्हाला दिलंय. खाऊन टाका. मी खाल्ल्याशिवाय तो खायचा नाही. उपाशी राहील."

मावशीने तुकडा तोंडात घातला.

तिच्या अगदी कानाशी कोणीतरी सावकाश चावायला लागलं.