कमालही बरोबर

"तोंड आणखी थोडं उघडा... हं, असंच," दातांचा डॉक्टर म्हणाला.

तिची दाढ इतकी ठणकत होती, की कामावर जाताना वाटेत जो पहिला दवाखाना दिसला त्यात ती शिरली होती. त्याने इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला. भूल चढेपर्यंत पेशंटला गुंतवायचं म्हणून विचारलं, "टीव्हीवरचा तो शब्दखेळ बघता का हो?"

तिने होकारार्थी मान हलवली. कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांसाठी पडद्यावर जी विस्कटलेली अक्षरं येतात, ती हीच तर निवडायची. तिथे तिला सगळे कोडेवाली म्हणत.

"परवा ल, क, मा अशी अक्षरं होती. आईने फोन लावला आणि चक्क लागला. ती म्हणाली, 'कमाल'. तो निवेदक हसला. म्हणाला, आजी, चष्मा लावा. उत्तर म्हणे 'मालक' होतं."

तिने मनातल्या मनात अक्षरं जुळवली. क, मा, ल... बरोबर होतं की. आणि तिला ते सुचलंच नव्हतं.

"बाबा गेल्यापासून आई कुणाशी धड बोलत नव्हती. आपणहून काहीतरी केलं ते पहिल्यांदाच. आता टीव्हीच लावत नाही. ज्याने कुणी ते कोडं केलं ना, तो एकदा माझ्या या खुर्चीत सापडायला हवा."

"ॲं... ॲं..." ती म्हणाली. जीभ बधिर झाली होती. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं.

"दुखतंय? अहो, मी अजून सुरुवातही केली नाही," तो घाबरून म्हणाला. कापसाचा बोळा घेऊन त्याने तिचा गाल इतक्या हळुवार टिपला, की ती रडायचंच विसरली.

भूल उतरताच ती थेट कार्यक्रमाच्या निर्मात्या बाईंच्या खोलीत गेली आणि चूक मान्य करायला हवी, म्हणाली.

"एका बाईसाठी सगळ्या कार्यक्रमाची शोभा करायची?" बाईंनी मानही वर केली नाही.

"मग उद्यापासून कोडी दुसऱ्या कुणाकडून घ्या."

आता बाईंनी वर पाहिलं. कोडेवाली असं बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नव्हतं. ही नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार होती?

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चूक तुझी ना? मग तोंडही तुझंच दाखव."

त्या संध्याकाळी एक गाल टम्म सुजलेली मुलगी पडद्यावर आली. "परवा फोन केलेल्या आजींचं 'कमाल' बरोबर होतं. कोडं मी केलं होतं, आणि चुकले ती मी," ती म्हणाली. "आजी, माझ्यावर रागवा... पण खेळणं सोडू नका."

पुढच्या तपासणीला ती पुन्हा त्याच दवाखान्यात गेली. तिला पाहताच डॉक्टरच्या हातातला आरसा ट्रेमध्ये खणकन पडला.

"तुम्ही... मी तुम्हाला काय काय बोललो."

"खरंच बोललात. आई कशा आहेत?"

"सकाळपासून टीव्हीसमोर बसते. कार्यक्रम संध्याकाळी असतो, हे सांगून दमलो मी."

ती हसली आणि खुर्चीकडे वळली. तो मधे आला.

"नको. मी तुमची दाढ बघणार नाही."

तिचा चेहरा उतरला. म्हणजे याचा राग अजून गेलेला नाही... "बरं," ती कशीबशी म्हणाली आणि पर्स उचलली.

"पलीकडच्या खोलीत माझी बहीण बसते. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा." तो हातमोजे काढू लागला, पण ते निघेनात. "म्हणजे... पेशंटच्या प्रेमात पडलेल्या डॉक्टरने हातात सुई धरू नये. टीव्हीवर तुम्हाला आईशी बोलताना पाहिलं, तेव्हापासून मी कामाचा राहिलो नाही."

तिने पर्स परत खाली ठेवली. इतकी अक्षरं रोज हाताखालून जात असताना, आत्ता तिच्यापाशी एक शब्द नव्हता.

"काहीतरी बोला. आज तर भूलही दिली नाही," तो म्हणाला.

"दाढ तुमच्या बहिणीला दाखवते," अखेर ती म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा. मग मला घरापर्यंत सोडायला चला. दारात माझी आई विचारेल, हे कोण म्हणून... काय सांगायचं ते वाटेत दोघं मिळून ठरवू."

एवढं बोलून ती पलीकडच्या खोलीत गेली. तो बाहेर येऊन पेशंटच्या रांगेत बसला, हातमोजे तसेच घालून.